तेहतीस इंचांची माळ

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कार्निव्हल हा एका दिवसाचा सण नाही, तो मोसम आहे. ६ जानेवारीला, नाताळानंतरच्या बाराव्या रात्री, तो सुरू होतो आणि ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणाऱ्या मंगळवारी मध्यरात्री संपतो. हा मंगळवार म्हणजे मार्डी ग्रा. ईस्टरची तारीख चंद्राच्या गणितावर ठरते, त्यामुळे मार्डी ग्राही ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांच्यामध्ये सरकत राहतो. २०२५ साली तो ४ मार्चला होता, २०२६ साली १७ फेब्रुवारीला. तिथीने सण करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. या शहरात नव्याने राहायला आलेल्या आणि हातून काही काम व्हावं असं वाटणाऱ्या माणसाने मात्र आधी हे कॅलेंडर बघावं. मोसम आखूड असतो त्या वर्षी सगळी कामं एकमेकांच्या अंगावर येतात आणि माणसं कमी पडतात.

नव्या शहराची ओळख त्याच्या सणात करून घ्यावी असं म्हणतात, ते खरंच आहे. पण गर्दीत उभं राहून दिसतो तो सणाचा दर्शनी भाग. आपल्याकडे विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या पोरांना त्या उत्सवाबद्दल जे कळतं ते मांडवात आरतीला उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. न्यू ऑर्लिन्समधलं निर्माल्य म्हणजे माळा, प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा. हे शहर समजून घ्यायचं असेल तर या माळा उचलायच्या, सोडवायच्या आणि निवडायच्या कामाला जावं, असं माझं ठाम मत आहे.

मिरवणुका काढतात त्या मंडळांना इथे ‘क्रू’ म्हणतात. कोमस या सगळ्यांत जुन्या क्रूची पहिली मिरवणूक १८५७ सालची, रेक्स क्रू १८७२ सालचा. जांभळा, हिरवा आणि सोनेरी हे कार्निव्हलचे तीन रंग रेक्सनेच रूढ केले. क्रूचे सभासद मुखवटे घालून चित्ररथावर चढतात आणि रस्त्यावरच्या लोकांकडे वस्तू भिरकावतात. या वस्तूंना सरसकट ‘थ्रो’ म्हणतात: माळा, प्लास्टिकचे पेले, कापडी खेळणी, आणि १९६० साली रेक्सने सुरू केलेली अॅल्युमिनियमची नाणी, म्हणजे डबलून. रथावरचा माणूस हे सगळं आपल्या खिशातून विकत घेतो. सर्वसाधारण माळ ३३ इंचांची असते, मणी ७ मिलिमीटरचे. खोक्यात ६० डझन येतात, म्हणजे ७२० माळा. एकेक स्वार अशी कित्येक खोकी रथावर चढवतो, एका रथावर स्वार अनेक, एका मिरवणुकीत रथ अनेक, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत मिरवणुकांवर मिरवणुका.

खाली उभा असलेला माणूस हात वर करून ओरडतो, “थ्रो मी समथिंग, मिस्टर!” माळ हवेत असते तेवढा वेळ तिच्यासाठी माणसं एकमेकांना ढकलतात. तीच माळ जमिनीवर पडली की वाकून उचलायला कोणी तयार नसतं. माळेची सगळी किंमत त्या दोन सेकंदांच्या उड्डाणात असते. त्यानंतर तिचं काय होतं, इथपासून स्वयंसेवकाचं काम सुरू होतं.

आधी रस्त्यावरच्या कामाबद्दल. अपटाउन या भागातल्या बहुतेक मोठ्या मिरवणुका नेपोलियन अॅव्हेन्यूवरून सेंट चार्ल्स अॅव्हेन्यूला लागतात आणि तिथून कॅनाल स्ट्रीटकडे जातात. हा मार्ग आणि मिसिसिपी नदी यांच्यामध्ये सापडलेल्या भागाला स्थानिक लोक ‘बॉक्स’ म्हणतात. मिरवणूक चालू असताना गाडी घेऊन बॉक्समध्ये शिरता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. सेंट चार्ल्सची जुनी ट्राम मिरवणुकीच्या पट्ट्यात बंद असते, बस वळवलेल्या असतात. मिरवणुकीच्या दोन तास आधीपासून मार्गावर गाडी लावायला बंदी असते आणि लावलेली गाडी उचलून नेतात. नवे स्वयंसेवक पहिल्या दिवशी उशिरा पोचतात ते बहुधा याच कारणाने. कामाची जागा बॉक्सच्या आत आहे की बाहेर, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं आणि शेवटचा मैलभर चालायची तयारी ठेवावी. बूट पूर्ण बंद असावेत. रस्त्यावर फुटलेल्या काचा असतात आणि घोड्यांची लीद असते. रस्त्याच्या मधल्या रुंद, गवताळ पट्ट्याला इथे दुभाजक म्हणत नाहीत, ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात. सूचना देणारा माणूस “न्यूट्रल ग्राउंडच्या बाजूला जा” किंवा “फुटपाथच्या बाजूला जा” एवढंच सांगतो. हे दोन शब्द कळले नाहीत तर माणूस रस्त्याच्या भलत्या अंगाला अडकतो आणि मिरवणूक सरेपर्यंत तिथेच राहतो.

दोन रथांच्या मधून रस्ता ओलांडायचा नाही. २०२० साली एकाच मोसमात दोन प्रेक्षक रथाखाली येऊन दगावले. त्यानंतर एकाच ट्रॅक्टरला जोडलेल्या रथांच्या जोड्या शहराने बंद केल्या. रथाच्या चाकाजवळ पडलेली माळ कितीही सुंदर असली तरी रथ पुढे जाईपर्यंत तिला हात लावू नये. लहान मुलांना बसवण्यासाठी लोक शिड्या आणतात. या शिड्या फुटपाथच्या कडेपासून सहा फूट मागे हव्यात आणि एकमेकींना बांधलेल्या नकोत, असा नियम आहे. शिडी पुढे सरकलेली दिसली तर स्वतः हुज्जत घालू नये, जवळच्या पोलिसाला सांगावं. पहाटेपासून जागा धरून बसलेल्या कुटुंबाशी वाद घालून कुणाचंच भलं होत नाही.

गोळा करायचं ते दोन मिरवणुकांच्या मधल्या वेळात. २०२३ साली ‘रिसायकल दॅट’ नावाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हापासून मार्गावर माळा, डबे आणि काचेच्या बाटल्या वेगळ्या घेणारी ठिकाणं दिसू लागली. काचेचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. ‘ग्लास हाफ फुल’ ही २०२० साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था बाटल्या दळून वाळू करते, आणि त्यातली काही वाळू लुईझियानाचा खचत चाललेला किनारा सावरायच्या कामी येते. या ठिकाणी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाचं मुख्य काम बोलण्याचं आहे. लोकांच्या एका हातात बिअर असते, दुसऱ्यात पोर, गळ्यात वीस माळा. त्यांना लांबलचक माहिती नको असते. रिकामी पिशवी हातात द्यावी, “नको असलेल्या माळा यात टाका, परत जाताना इथे ठेवा” एवढंच सांगावं. मिरवणूक सुरू होण्याआधी वाटलेली पिशवी भरून परत येते. मिरवणूक संपल्यावर दिलेली पिशवी लोक खिशात घालून निघून जातात.

पिशवी भरताना तीन चुका हमखास होतात. पहिली, ओल्या माळा कोरड्यांत मिसळणं. रात्रभर बंद पिशवीत राहिल्या की मण्यांवरचा चकचकीत मुलामा सुटून शेजारच्या मण्यांना चिकटतो, वास धरतो, आणि अख्खी पिशवी जाते. दुसरी, खरकटं. एका पिशवीत अर्धी सॉस सांडलेली पुडी गेली की पुढे माळा निवडायच्या टेबलावर दोन माणसं तासभर धूत बसतात. तिसरी, पिशवी तोंडापर्यंत भरणं. प्लास्टिक हलकं असतं हा समज चुकीचा आहे, माळांची पिशवी वाळूच्या पोत्यासारखी जड होते आणि उचलताना तळातून फाटते. एका हाताने सहज उचलता येईल तेवढंच भरावं.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर जमिनीखाली आहे. न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही. ते गटारांतून पंपांपर्यंत न्यावं लागतं आणि पंपांनी बाहेर उपसावं लागतं. पहिल्या तासात एक इंच आणि पुढच्या प्रत्येक तासाला अर्धा इंच, एवढा पाऊस उपसण्याची या यंत्रणेची ताकद सांगितली जाते. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मोठा पाऊस झाला, शहरात पाणी भरलं आणि त्यानंतर गटारांची चेंबरं साफ करायचं मोठं काम हाती घेतलं गेलं. एकूण ७२ लाख पौंड गाळ-कचरा निघाला. सेंट चार्ल्स अॅव्हेन्यूच्या अवघ्या पाच चौकांच्या टप्प्यात ९३,००० पौंड माळा सापडल्या, म्हणजे सुमारे ४२ टन. जानेवारी २०१८ मध्ये हा आकडा जाहीर झाला तेव्हा शहर हादरलं.

माळ गटार इतकं घट्ट का तुंबवते, याला कारण तिची बनावट आहे. हे मणी दोऱ्यात ओवलेले नसतात, दोऱ्याभोवतीच साच्यात घडवलेले असतात. त्यामुळे माळ तुटली तरी मणी घरंगळत जात नाहीत, दोऱ्याला धरून राहतात. असे तुकडे चेंबरच्या तोंडाशी एकमेकांत अडकून जाळं तयार होतं. त्यात सेंट चार्ल्सवरच्या मोठमोठ्या लाइव्ह ओक झाडांची भर पडते. हे झाड हिवाळ्यात ओकंबोकं होत नाही, जुनी पानं गाळतं ती वसंताच्या तोंडाशी, नव्या पालवीच्या वेळी. म्हणजे माळांचा मोसम आणि पानगळ जवळपास एकत्रच येतात. छोटी, चिवट, चामड्यासारखी पानं त्या जाळ्यावर थर धरतात आणि तोंड बुजतं. आता मिरवणुकांच्या काळात चेंबरांच्या तोंडाशी जाळीच्या लांबट गुंडाळ्या ठेवतात. पाणी आत जातं, माळा बाहेर राहतात. लोक त्यांना ‘गटर बडी’ म्हणतात. स्वयंसेवकाने त्या हलवायच्या नसतात, चेंबरचं झाकण तर मुळीच उघडायचं नसतं. झाडू घेऊन गुंडाळीपुढचा ढीग फुटपाथकडे ओढून घेतला तरी खूप झालं.

मंगळवारी मध्यरात्री पोलिसांचे घोडे बर्बन स्ट्रीटवरून गर्दी हटवत निघतात, मागून सफाईच्या गाड्या येतात आणि कार्निव्हल संपतो. दुसऱ्या दिवशी, अॅश वेन्सडेला, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस लावलेली माणसं कामावर जाताना दिसतात. शहरभर ठेवलेल्या पेट्या माळांनी भरायला लागतात. खरं काम आता सुरू होतं आणि ते वर्षभर पुरतं. नव्या स्वयंसेवकांना हे उमजत नाही. आखूड मोसमाचं वर्ष सोडलं तर मोसमात हात मागाल तेवढे मिळतात, एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये टेबलं ओस असतात. ज्याला खरोखर उपयोगी पडायचं आहे त्याने जूनमधला एखादा शनिवार द्यावा.

‘आर्क ऑफ ग्रेटर न्यू ऑर्लिन्स’ ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी काम करते. परत आलेल्या माळा तिथे निवडल्या जातात आणि पुढच्या वर्षीच्या स्वारांना विकल्या जातात. निवडण्याचं काम करणारी ही माणसं पगारी कामगार आहेत. पाहुणे आपण असतो. त्या टेबलावर दहा-दहा वर्षं हात चाललेला माणूस मण्याचा आकार न मोजता सांगतो. त्याच्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नये, त्याने बाजूला टाकलेली माळ परत ढिगात घालू नये आणि त्याच्या मदतीला विनाकारण धावू नये. “ही कुठे जाईल?” असं विचारावं, तो सांगेल तिथे ठेवावं. काम शिकण्याची एवढी सरळ रीत दुसरी नाही.

आता टेबलावरचा गुंता. दोन-तीनशे माळांचा गोळा समोर येतो आणि नवा माणूस पहिल्यांदा करतो ती चूक म्हणजे एक माळ पकडून ओढतो. ओढली की मणी मण्यात रुततात आणि गोळा आवळतो. मांज्याच्या गुंत्याची सवय असलेला माणूस टोक शोधतो, पण इथे टोकच नसतं. प्रत्येक माळ म्हणजे बंद कडं. आणि गंमत याच गोष्टीत आहे: दोन बंद कडी सुटी असताना जवळ आली तर ती कितीही गुंतली तरी एकमेकींत ओवली जाऊ शकत नाहीत. तसं व्हायला एखादं कडं तुटून पुन्हा जोडलं जावं लागेल. म्हणजे धडधाकट माळांचा गोळा केवढाही असो, तो कात्री न लावता सुटतोच. दिसतो भयंकर, असतो निव्वळ एकमेकांवर रेललेला. खरी गाठ बसते ती तुटक्या माळेने. तिला दोन टोकं असतात, ती टोकं कड्यांतून शिरतात आणि चार-सहा माळा बांधून टाकतात.

म्हणून क्रम असा. गोळा टेबलावर पसरायचा आणि आधी तुटकी माळ हुडकायची. सापडली की तिला जागोजाग कात्री लावून तुकडे ओढून घ्यायचे. मग पदकवाल्या माळा. पदकाची कड आकड्यासारखी अडकते, तेव्हा पदक धरून मागे ढकलावं, पुढे ओढू नये. मग गोळ्याखाली दोन्ही हात घालून तो उचलायचा आणि सुपातले तांदूळ पाखडावेत तसा सैल हातांनी हलवायचा. वरच्या सुट्या माळा आपोआप गळून पडतात. त्या बाजूला करायच्या, गोळा उलटायचा, पुन्हा हलवायचा. पाच-सात वेळा केलं की हातात मूठभर हट्टी माळा उरतात, त्या बोटांनी सोडवायच्या. घाई केलेला गोळा आणि शांतपणे हलवलेला गोळा शेजारी ठेवून बघा, पहिल्याला दुप्पट वेळ लागतो.

सुटलेल्या माळांची वर्गवारी मण्याच्या जाडीने आणि प्रकाराने होते: ७ मिलिमीटरचे साधे गोल मणी, त्याहून जाड, मोत्यासारखे, वेगळ्या आकारांचे. क्रूचं चिन्ह आणि साल छापलेली पदकं निराळी काढायची, कारण एका क्रूची खूण दुसरा क्रू आपल्या रथावरून कशाला फेकेल? लुकलुकणाऱ्या माळांत बटणाएवढे सेल असतात. ते काढून वेगळ्या डब्यात टाकायचे, चुकून पोत्यात राहिले तर गंजतात, आणि काही जातींचे सेल दाबले गेल्यास पेट घेऊ शकतात. हातमोजे घालायचेच. मुलामा हाताला लागतो, शिवाय अशा माळांच्या तपासण्यांत काहींमध्ये शिसं सापडलेलं आहे. टेबलाजवळ खायचं नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे, लहान मुलांना घेऊन गेलात तर तोंडात मणी जाणार नाही इकडे लक्ष ठेवायचं.

दोन-तीन पोती निवडून झाली की ढिगात काय नाही ते लक्षात यायला लागतं. झुलू क्रूचे रंगवलेले नारळ त्यात नसतात. ते फेकत नाहीत, हातात देतात, आणि मिळालेला नारळ लोक दिवाणखान्यात मांडतात. म्यूझेस या बायकांच्या क्रूचे चमकीने मढवलेले बूट त्यात नसतात. प्लास्टिकच्या आधीच्या काळातल्या काचेच्या माळा तर संग्राहकांच्या पेट्यांत बंद असतात. टेबलावर येते ती एकसारखी, कुणाच्याही नावाची नसलेली, भरपूर असल्यामुळे नकोशी झालेली वस्तू. हाताने केलेलं आणि मोजकं असलेलं हे शहर सांभाळून ठेवतं, हे मला त्या ढिगाने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्याच माहितीपुस्तकाने दाखवलं नाही.

यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. परत वापरलेली माळही पुन्हा रस्त्यावरच पडते. टेबलावर कितीही हात चालले तरी खोकी आयात होत राहिली तर ढीग वाढतच जाणार. २०२५ साली क्रू ऑफ फ्रेरेटने आपल्या रथांवरून प्लास्टिकच्या माळा फेकणं बंद केलं. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्रज्ञ नाओहिरो कातो मातीत विघटन होणाऱ्या माळांवर कितीतरी वर्षं काम करत आहेत, सुरुवात त्यांनी सूक्ष्म शैवालापासून केली होती. ‘ग्राउंड्स क्रू’ ही संस्था कॉफी, लाल राजमा, जंबलाया या स्थानिक भाताचा मसाला-तांदूळ, साबण अशा घरी नेऊन वापरता येतील अशा थ्रोंची पाकिटं पुरवते. राजमाचं पाकीट कोणी गटारात सोडून जात नाही.

मग निवडणाऱ्या माणसांच्या रोजगाराचं काय? माळा कमी झाल्या तर ते टेबल रिकामं होईल, ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवू नये. मला वाटतं, पाकिटं भरणं, लेबलं लावणं, मोजून खोकी बांधणं हे काम त्याच हातांना मिळायला हवं. ते हात तयार आहेत, नेमके आहेत, आणि या कार्निव्हलचा माल त्यांच्याइतका कुणाच्या नजरेखालून गेलेला नाही. स्वयंसेवकाने क्रूमधल्या आपल्या ओळखीच्या माणसांना हे विचारत राहावं: यंदा तुमच्या रथावर काय आहे, ते कुठून घेतलं, कुणी बांधलं? शहरात नव्या आलेल्या माणसाला असे प्रश्न विचारायची मुभा असते, लोक रागावत नाहीत, उलट दोन तास बोलतात.

जूनमध्ये सेंट चार्ल्सवर ट्राम पुन्हा नेहमीसारखी धावत असते. फुटपाथ स्वच्छ असतो. वर पाहिलं की ओकच्या फांद्यांत आणि विजेच्या तारांवर फेब्रुवारीतल्या माळा अजून लटकलेल्या दिसतात, जांभळ्यांचा रंग उन्हाने उडालेला, सोनेरी पांढरट पडलेल्या. तिथवर कुणाचा हात पोचत नाही. दुपारी मोठी सर आली, वारा सुटला की त्यातली एखादी खाली येते. ती उचलावी, झटकावी, कोरडी करून खुंटीला अडकवून ठेवावी आणि शनिवारी टेबलावर जाताना बरोबर न्यावी.